कॅमेऱ्याला मेव्हणा नाही

गेल्या महिन्यात मुंबईहून पुण्याला जाऊन आलो आणि तिसऱ्या दिवशी मोबाईलवर चलान आलं. द्रुतगती मार्गावर मर्यादा 100 ची, माझी गाडी 118 वर. सोबत फोटो. गाडी छान आली होती.

बँकेत डबा खाताना हे सांगितलं, तर अख्खी शाखा माझ्या पाठीशी उभी राहिली. एवढा पाठिंबा मला प्रमोशनच्या वेळीही मिळाला नव्हता! "लुटायचे धंदे आहेत सगळे," इति आमचे हेडकॅशियर. 2024 साली त्या रस्त्यावर सुरू झालेली यंत्रणा दोन ठिकाणांमधला वेळ मोजून सरासरी वेगही काढते. त्यावर कर्जविभागाकडे तोडगा तयार होता : मधे थांबून निवांत वडा खायचा, सरासरी आपोआप बसते.

हेच हेडकॅशियर संध्याकाळी रोकड अठरा रुपयांनी कमी भरली, तर कुणाला घरी सोडत नाहीत. रस्त्यावरचे अठरा मात्र किरकोळ!

घाटात मर्यादा उतरते तिथली पाटी आधीपासून ठळक दिसायला हवी, ही तक्रार मला मान्य आहे. पण आपलं खरं दुखणं निराळं. हवालदाराला "साहेब" म्हणता येतं, आईचं आजारपण सांगता येतं, बोलता बोलता मेव्हण्याची ओळख निघते. कॅमेऱ्याला मेव्हणा नाही.

गंमत म्हणजे असलं यंत्र बनवणारा मॉरिस गॅट्सोनिडेस हा डच गृहस्थ स्वतः मोटारींच्या शर्यतीतला. 1953 ची मॉन्टे कार्लो रॅली त्याने जिंकली होती. वळणावर आपण आणखी जोरात कसे जाऊ, हे पाहायला त्याला वेग मोजायचा होता. आम्ही मोजणाऱ्यावरच रागावतो.

मी बी. कॉम., भौतिकशास्त्राशी संबंध शाळेपुरता. तरी रात्री कागद घेऊन बसलो. 118 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 33 मीटर. वेग वाढला 18 टक्क्यांनी, पण आदळण्याची ऊर्जा वाढते 39 टक्क्यांनी. म्हणजे हे सरळ व्याज नव्हे. आणि मग आठवलं, त्या दिवशी खोपोलीच्या अलीकडे एक ट्रक एकदम लेन बदलून पुढ्यात आला होता. मागच्या सीटवर मुलगी झोपलेली. वाचलो, आणि ते मी माझ्या कौशल्याच्या खात्यात जमा करून टाकलं होतं.

डब्याच्या वेळी हा हिशेब काही मी काढला नाही. दंड तेवढा मुकाट्याने भरला. पावतीची प्रत हिने मागून घेतली आणि फ्रीजच्या दारावर चुंबकाने लावली.

"अहो, पंधरा वर्षं मी हळू चालवा, हळू चालवा म्हणतेय," ती म्हणाली. "माझे किती झाले?"