सोन्याचं पदक, चांदीचा कोनाडा

'श्यामची आई' या नावाच्या दोन चित्रपटांना केंद्र सरकारचा पुरस्कार मिळाला आहे. पहिला आचार्य अत्र्यांचा, 1953 चा. त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, म्हणजे त्या वर्षीचा भारतातला सर्वोत्कृष्ट चित्रपट तो ठरला. दुसरा सुजय डहाके यांचा, 2023 चा. त्याला मिळालेल्या पुरस्काराचं नाव 'सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट'. पुस्तक तेच, श्याम तोच, कोकणातलं दारिद्र्य तेच, दुसऱ्यानेही मुद्दाम काळापांढरा रंग निवडलेला. पण 1954 साली जी आई देशाच्या बैठकीत मधोमध बसली होती, तिला सत्तर वर्षांनी आपल्या भाषेच्या खोलीत जागा मिळाली. दुसरा चित्रपट पहिल्यापेक्षा उणा की सरस, हा प्रश्न इथे नाही. मधल्या काळात पुरस्कारांचं घर कसं बांधलं गेलं, तो आहे.

सरकारी पुरस्कार आले ते स्वातंत्र्यानंतरच्या एका विशिष्ट हवेत. 1949 मध्ये स. का. पाटलांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली गेली आणि 1951 मध्ये तिचा अहवाल आला. सिनेमा हा धंदा बेशिस्त आहे, त्याला वळण लावायला हवं, असा त्या काळचा एकूण सूर. वळण लावायचं तर एका हातात सेन्सॉरची कात्री आणि दुसऱ्या हातात पदक. त्यामुळे पहिल्या पुरस्कारांमागे कलेइतकीच शैक्षणिक आणि सांस्कृतिक मूल्याची अपेक्षा होती. साने गुरुजींचं पुस्तक या अपेक्षेत चपखल बसलं. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, घराघरांत वाचलं जाणारं, आणि लेखक 1950 मध्येच गेलेला. अत्र्यांना विषयाची नाडी कळत होती, यात शंका नाही.

पण म्हणून ते पदक केवळ विषयाला मिळालं असं म्हणणं अन्यायाचं होईल. शर्यतीत बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' होता आणि त्याला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावं लागलं. आज दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिले तर माझं मत 'दो बिघा'कडे झुकतं, हे कबूल करतो. अत्र्यांचा कॅमेरा पुष्कळदा नाटकाच्या पहिल्या रांगेत बसून राहतो, आणि संवाद ऐकताना लेखक अत्रे दिग्दर्शक अत्र्यांचा हात धरून चालवताहेत असं वाटतं. तरीही चित्रपट उभा राहतो तो वनमालाबाईंमुळे. आंघोळ झालेल्या श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई पदर पसरते, तो प्रसंग पाहा. त्यात उमाळा आणायला भरपूर वाव होता. वनमालाबाई तो घेत नाहीत. रोजचं एक काम उरकावं तसा त्या पदर अंथरतात. सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मध्ये झळकलेली ही ग्वाल्हेरची नटी इथे नऊवारीत, जवळजवळ निष्प्रभ दिसायचं ठरवून उभी आहे. आणि त्या वर्षीच्या यादीत तिच्यासाठी काहीच नव्हतं. पदक चित्रपटाला होतं, नटनट्यांना नव्हतं. केंद्राने अभिनयासाठी पुरस्कार सुरू केले ते 1967 च्या चित्रपटांपासून, आणि पहिले मानकरी ठरले उत्तम कुमार आणि नर्गिस. 'श्यामची आई'ला सुवर्णपदक मिळालं. श्यामच्या आईला नाही.

मी 'श्यामची आई' पाहिला तो मराठवाड्यातल्या मुरुडला, शाळेच्या पटांगणात. सोळा मिलिमीटरचं प्रोजेक्टर वर्गातल्या टेबलावर, टेबल ओट्यावर, आणि समोर दोन बांबूंना ताणलेलं धोतर म्हणावं इतकं पातळ कापड. यंत्र एकच, म्हणून रीळ संपलं की अंधार, मग बॅटरीचा उजेड, मग गुरुजींचं "गप बसा रे". पोरं कापडाच्या दोन्ही अंगांनी बसलेली. मला जागा मिळाली मागल्या बाजूला. त्यामुळे माझ्या लेखी श्याम कित्येक वर्षं डावखुरा होता, आणि सुरुवातीची पाटी उलटी असल्यामुळे पदकाचा मजकूर मला वाचताच आला नाही.

जत्रेतल्या तंबूत मात्र हा मजकूर चुकणं शक्य नव्हतं. टुरिंग टॉकीजवाले आधी गावातून गाडी फिरवायचे, कर्ण्यावरून ओरडायचे, आणि फळीवरच्या पोस्टरवर आडवी पट्टी चिकटवलेली असायची: राष्ट्रपती सुवर्णपदक विजेता. आमचे आजोबा सांगायचे, "राष्ट्रपतीनं पदक दिल्याला शिनिमा हाय म्हनून बायामान्सं बी आलती, नाहीतर तंबूत कोन जाऊ देतंय?" पुरस्काराचा हा उपयोग दिल्लीतल्या कुणाच्या डोक्यात असेल असं वाटत नाही. सिनेमा म्हणजे वाया गेलेल्यांचा धंदा असं मानणाऱ्या गावात ते पदक म्हणजे चालचलणुकीचा दाखला होता.

मराठवाड्यात त्याला आणखी एक पदर होता. मुरुड लातूर–बार्शी रस्त्यावर. बार्शी मुंबई इलाख्यातली, मुरुड निजामाच्या राज्यातलं. एका बाजूला मराठी शाळा आणि मराठी नाटक-सिनेमा, दुसऱ्या बाजूला कचेरीत आणि वरच्या वर्गांत उर्दू. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झालं. 'श्यामची आई' पडद्यावर आली तेव्हा त्याला पाच वर्षंही झाली नव्हती, आणि आम्ही अजून हैदराबाद राज्यातच होतो. अशा ठिकाणी मराठी बोलणारा चित्रपट देशात पहिला आला, ही बातमी पुण्या-मुंबईत जशी लागली तशी लागली नसणार. पुण्याला तो आपला हक्क वाटला असेल, आमच्याकडे तो आधार होता.

पुढच्याच वर्षी अत्र्यांनी 'महात्मा फुले' काढला. बाबुराव पेंढारकर जोतिबा, सुलोचनाबाई सावित्री. पडद्यावर गाडगेबाबा दिसतात, आणि मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजर होते. माझ्या मते हा अत्र्यांचा अधिक धाडसाचा चित्रपट, कारण आईच्या मायेवर सगळ्यांचं एकमत असतं, जोतिबांवर नव्हतं. त्याला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं, मराठीतला सर्वोत्कृष्ट म्हणून. देशातला सर्वोत्कृष्ट ठरला 'मिर्झा गालिब'. इथेच तो कोनाडा तयार झाला. प्रत्येक भाषेला तिचं रौप्यपदक द्यायचं, ही कल्पना उदार होती आणि तिने लहान भाषांतल्या निर्मात्यांना धीरही दिला. पण कोनाड्याचं असं असतं की एकदा त्यात वस्तू ठेवली की ती तिथलीच होते. पहिल्या पुरस्कारांनंतर थेट 51व्या पुरस्कारांत 'श्वास'ने सर्वोच्च मान मिळवला. मधल्या 49 वेळा एकाही मराठी चित्रपटाला तो मिळाला नाही. बंगालीचं तसं झालं नाही. 'पथेर पांचाली', 'काबुलीवाला', 'सागर संगमे', 'अपुर संसार', सगळे पन्नासच्या दशकातले आणि सगळे वरच्या पदकाचे.

बंगालकडे सत्यजित राय होते आणि आपल्याकडे नव्हते, हे उत्तर खरं आहे, पण सोपं आहे. आपल्या चित्रपटाचं घर दोन ठिकाणी फुटलं होतं. कोल्हापुरात 1948 च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्म झाला. मुंबईत हिंदीची बाजारपेठ इतकी जवळ की थोडी ऐपत आली की माणूस तिकडे वळे. शांताराम बापूंचंच पाहा. 'दो आँखें बारह हाथ'ची कथा ग. दि. माडगूळकरांची, मूळ प्रयोग औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाचा, निर्माता-दिग्दर्शक-नायक कोल्हापूरचा. 1957 चं सुवर्णपदक, बर्लिनला रौप्य अस्वल, सगळं मिळालं. भाषा मात्र हिंदी. मराठी मातीतला ऐवज हिंदीतून वर गेला आणि मराठीच्या खात्यावर जमा झाला नाही. भाषा सोडणं हा शांतारामांचा दोष म्हणून मी मांडत नाही. पण कोनाड्यातून बाहेर यायला तीच एक वाट उरली असेल तर परीक्षकांनी आणि आपणही कधीतरी त्याचा हिशेब करायला हवा होता.

रौप्यपदकांची यादी मात्र दिसते तितकी कंटाळवाणी नाही. 'रंगल्या रात्री अशा', 'हा माझा मार्ग एकला', 'पाठलाग', 'साधी माणसं' हे साठच्या दशकातले मराठीतले सर्वोत्कृष्ट. यातला राजा परांजप्यांचा 'पाठलाग' तर चक्क रहस्यपट, ज्याच्यावरून पुढे हिंदीत 'मेरा साया' निघाला. संत, सुधारक आणि सोशिक आई यांच्या पलीकडे परीक्षकांची नजर गेल्याचा हा पुरावा. बैठकीत जे चाललं नसतं ते कोनाड्यात चाललं.

खासगी पुरस्कारांचा मामला निराळा. 21 मार्च 1954 ला मुंबईच्या मेट्रो थिएटरात फिल्मफेअरचा पहिला सोहळा झाला. समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ तेव्हा त्या पुरस्कारांना 'क्लेअर्स' म्हणत. पुरस्कार मोजून पाच, आणि निवड वाचकांच्या मतांवर. इथे नट, नटी आणि संगीतकार यांना पहिल्या दिवसापासून जागा होती. दिलीप कुमार, मीना कुमारी आणि नौशाद पहिल्या यादीत आहेत, आणि चित्रपट अर्थातच 'दो बिघा जमीन'. त्या पुरस्काराच्या पुतळीतली, हात उंचावून उभी असलेली काळसर बाई घडवली कुणी, तर ना. ग. पानसरे या मराठी शिल्पकाराने. बाई मराठी हातांनी घडली आणि त्या रात्री एकाही मराठी चित्रपटाच्या हाती गेली नाही, कारण तो सोहळा हिंदीपुरताच होता.

आता तंबूकडे परत येतो, कारण तिथल्या प्रेक्षकांची स्वतःची पुरस्कारपद्धत होती आणि ती आठवड्यांत मोजली जाई. 1959 चा अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदला 131 आठवडे चालला. पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, गीतं गदिमांची, संगीत वसंत पवारांचं. फड, ढोलकी, पाटील, सूड. शिकलेल्या घरांत या चित्रपटाचं नाव जरा हळू आवाजात घेत, आणि पाहून सगळेच आलेले असत. लातूर-उस्मानाबादच्या गावांत तमाशा हा सिनेमात पाहायचा विषय नव्हता, तो जत्रेत शेजारच्याच कनातीत उभा असे. त्यामुळे 'सांगत्ये ऐका'मधल्या हंसा वाडकरांची नजर, थांबणं, ओढणं हे सगळं जाणकारांच्या डोळ्यांनी तपासलं जाई. "ही बाई फडातली दिसती" हा आमच्याकडचा अभिनयाचा सर्वोच्च पुरस्कार.

सरकारकडे त्या वेळी अभिनेत्रीसाठी पदक नव्हतं. पुढे हंसाबाईंनी आत्मकथन सांगितलं, त्याला नाव दिलं 'सांगत्ये ऐका'. त्यावरून श्याम बेनेगलांनी 1977 मध्ये 'भूमिका' केला, आणि त्यातल्या कामासाठी स्मिता पाटीलला अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंसाबाई तोवर वारल्या होत्या. त्यांचं आयुष्य जगून दाखवणाऱ्या मुलीच्या हातात ते पदक गेलं, तेही हिंदी चित्रपटातून. मराठी पडद्याच्या पुरस्कारांचा इतिहास एका घटनेत सांगायचा तर मी हीच सांगेन.

1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि त्यानंतर राज्य सरकारचेही पुरस्कार आले. त्यांच्याबद्दलचा एक किस्सा अजून सांगितला जातो. 'साधी माणसं'च्या संगीतासाठी 'आनंदघन' यांचं नाव पुकारलं गेलं आणि मंचावर कुणी येईना. सभागृहात बसलेल्या लता मंगेशकर जागच्या हलल्या नाहीत. शेवटी निवेदकानेच आनंदघन म्हणजे कोण ते फोडलं. केंद्राचा मान मात्र उशिराच पोचे: फाळके पुरस्कार 1969 साठी पहिल्यांदा दिला गेला तेव्हा स्वतः फाळक्यांना जाऊन पाव शतक झालं होतं. भालजींना तो 1991 चा मिळाला, म्हणजे वयाच्या नव्वदीनंतर.

'देऊळ', 'कोर्ट', 'कासव' यांनी अलीकडे वरचं पदक पुन्हा मिळवलं. तिन्ही चित्रपट मला मोलाचे वाटतात, आणि तिन्ही आमच्या भागात किती जणांनी मोठ्या पडद्यावर पाहिले हे विचारायची मला भीती वाटते. पूर्वी पदकाची पट्टी लावली की तंबू भरायचा.

त्या तंबूच्या फळीवर दोन पट्ट्या असत, हे सांगायचं राहिलं. वरची छापील, राष्ट्रपतींची, गावोगाव फिरून कडा फाटलेली. खालची हाताने लिहिलेली, निळ्या शाईत, आदल्या रात्रीची गर्दी पाहून सकाळी मालकाने स्वतः लिहिलेली: लोकाग्रहास्तव आणखी तीन खेळ. खळ ओली असेपर्यंत ती पट्टी खाली घसरत राहायची, आणि आम्ही पोरं ती तळहाताने दाबून धरायचो.