श्रोत्याच्या जागेवरून : खासगी ध्वनिमुद्रणाचा पाठ म्हणून विचार

‘हेवी मेटल’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य संगीतप्रकाराचा मराठीच्या अभ्यासकाशी काय संबंध, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्या संगीताच्या गुणावगुणांची चर्चा येथे करावयाची नाही. श्रोत्याने सभागृहात बसून स्वतःसाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाकडे समीक्षकाने कोणत्या दृष्टीने पाहावे, एवढाच प्रस्तुत मुद्दा आहे. आणि तो ह्या संगीताच्या बाबतीत जितका स्पष्टपणे उभा राहतो, तितका आपल्या मैफलींच्या बाबतीत अद्याप राहिलेला नाही.

आयर्न मेडन ह्या ब्रिटिश वाद्यवृंदाने १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात कार्यक्रम केला. त्यांचा त्या वर्षीचा जागतिक दौरा तेथूनच सुरू झाला. २००९ साली ‘फ्लाइट ६६६’ ह्या नावाने त्या दौऱ्याचे अधिकृत मुद्रण प्रसिद्ध झाले, त्यात पहिले गीत मुंबईचे, दुसरे मेलबर्नचे, तिसरे सिडनीचे अशी योजना आहे. म्हणजे जो कार्यक्रम ह्या मुद्रणातून ऐकू येतो, तो कोणत्याही एका रात्री, कोणत्याही एका शहरात झालेला नाही. पाठचिकित्सेच्या परिभाषेत ह्यास संमिश्र पाठ म्हणावे लागेल. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ ह्या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा पाठही तंतोतंत तसा कोणा एका कथेकऱ्याने म्हटला असेल, असे नव्हे. परंतु तेथे प्रत्येक पृष्ठाच्या तळाशी पाठभेद दिलेले आहेत. ध्वनिमुद्रिकेला तळटीप नसते. मुंबईच्या त्या रात्रीचा एकसंध पाठ हवा असेल, तर मैदानात उभ्या असलेल्या एखाद्या श्रोत्याच्या यंत्राकडेच वळावे लागते.

अशा श्रोत्यांत कॅलिफोर्नियातील माइक मिलार्ड ह्यांचे नाव अग्रगण्य मानले जाते. चाकांच्या खुर्चीत उपकरणे दडवून ते सभागृहात प्रवेश करीत. नाकामिची कंपनीचे वाहून नेता येण्याजोगे कॅसेटयंत्र आणि उत्तम प्रतीचे दोन ध्वनिग्राहक एवढीच त्यांची सामग्री होती. लेड झेपेलिन ह्या वाद्यवृंदाचा लॉस एंजलिसनजीक २१ जून १९७७ रोजी झालेला कार्यक्रम त्यांनी असाच टिपला. (हा वृंद ‘हेवी मेटल’चा जनक की केवळ शेजारी, हा वाद त्या संगीताच्या अभ्यासकांनी मिटवावा. ह्या वृंदातील दोघे प्रमुख कलावंत १९७२ साली मुंबईत येऊन कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नामक क्लबात वाजवून गेले होते, हे मात्र आपल्या दृष्टीने नोंदण्याजोगे आहे.) मिलार्ड १९९४ साली निवर्तले. मूळ फिती त्यांनी नष्ट केल्या अशी वदंता होती. ती खोटी ठरली. त्यांच्या निधनानंतर सुमारे पाव शतकाने मूळ फितींवरून तयार केलेल्या प्रती प्रसिद्ध होऊ लागल्या, आणि तोवर प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत असे ऐकणाऱ्यांना आपण काय गमावीत होतो, ते कळले. फितीच्या प्रत्येक नकलेबरोबर फुसफुसाट वाढतो आणि उंच स्वर बोथट होतात. पोथ्यांची वंशावळ लावणाऱ्या अभ्यासकास ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको.

तथापि ह्या फितीचे खरे महत्त्व तिच्या स्वच्छपणात नसून तिच्या लांबीत आहे. तबकडीवर काही मिनिटांत आटोपणारी रचना रंगमंचावर वीस-पंचवीस मिनिटे फुलत असे. तो विस्तार ही ह्या कलावंतांची मुख्य कमाई होती, आणि तबकडी तिला पारखी होती.

येथे केसरबाई केरकरांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. अल्लादियाखाँसाहेबांकडे १९२१ पासून १९४६ पर्यंत, म्हणजे खाँसाहेबांच्या अखेरीपर्यंत त्यांनी तालीम घेतली. त्या गायकीचे मर्म आवर्तनाच्या संथ, अखंड भरणीत आहे; एका दमात बांधलेली आकारयुक्त तान समेपर्यंत कशी पोहोचते, ह्यात आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्या अवकाशात केसरबाईंनी जे साधले ते विलक्षण असले, तरी तो सारांश होय. ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर १९७७ साली अवकाशात गेलेली त्यांची भैरवी हीदेखील तबकडीवरचीच. त्याच वर्षी १६ सप्टेंबर रोजी त्या निवर्तल्या. त्यांच्या विलंबित ख्यालाची घडण जाणून घ्यावयाची, तर रसिकांच्या संग्रहांत राहिलेल्या मैफलींच्या मोजक्या फितींवाचून आपल्यापाशी दुसरे साधन नाही.

अशी फीत हाती आली की पहिला मोह होतो तो ती ‘स्वच्छ’ करण्याचा. माझ्या मते हा मोह हस्तलिखितातील समासांतील टिपणे खरवडून टाकण्याइतकाच घातक आहे. फुसफुसाट ज्या उंच कंपनांच्या पट्ट्यात असतो, त्याच पट्ट्यात तंबोऱ्याच्या जवारीतून उमटणारे सूक्ष्म स्वरांशही असतात. यंत्राने एक काढावयास जावे तो दुसरेही जाते, आणि गायिका निर्वात पोकळीत गात आहे असा भास होतो. ‘हेवी मेटल’च्या फितींत हीच गत झांजांची होते. शिवाय दाद, खोकला, मध्येच तबलजीस दिलेली सूचना हा सारा मजकूर असतो. कोणत्या जागेवर ‘वाहवा’ आली आणि कोणत्या जागेवर आली नाही, ह्याहून रसग्रहणाच्या इतिहासाला अधिक विश्वसनीय पुरावा कोणता?

उलट जे दुरुस्त करावयास हवे, तिकडे दुर्लक्ष होते. फितीचा वेग सुमारे सहा टक्क्यांनी चुकला, तर स्वर अर्ध्या पट्टीने सरकतो. कित्येक लेखांत गायकाच्या पट्टीविषयी ठाम विधाने आढळतात, ती अशा सरकलेल्या फितींवरून केलेली नाहीत ना, हे तपासावयास हवे. तपासण्याचा मार्गही आहे. आपल्याकडील वीजपुरवठ्याची कंपने सेकंदास पन्नास असतात. मुद्रणात विजेची गुणगुण उतरली असेल आणि ती त्रेपन्न भरत असेल, तर फीत वेगाने फिरते आहे हे उघड होय. जो दोष म्हणून पुसला जातो, तोच येथे साक्षीदार ठरतो.

केसरबाईंचा नभोवाणीला व अशा यांत्रिक प्रसाराला असलेला विरोध सर्वश्रुत आहे. तेव्हा ह्या फिती ऐकण्याचा आपल्याला अधिकार काय, हा प्रश्न टाळता येत नाही. कलावंताचा आपल्या सादरीकरणावरील हक्क आपल्या कायद्याने १९९४ च्या दुरुस्तीने मान्य केला. अभ्यासासाठी व अध्यापनासाठी केलेल्या मुद्रणास त्यातून वगळले आहे. कायद्याने प्रश्न सुटतो, औचित्याने सुटत नाही. अशी फीत अभ्यासावी, परंतु बाजारात आणू नये, असे मला वाटते. ह्यावर मतभेद होतील, ते व्हावेत.

वरील सर्व विवेचनात एक गोष्ट गृहीत धरली आहे. गाणारा एकीकडे आणि ऐकणारा त्याच्या समोर, आपल्या जागी बसलेला. वांगणी ज्या जव्हार-मोखाडा भागात आहे, तेथील वारली पाड्यांवर तारपा वाजू लागतो तेव्हा हे गृहीत टिकत नाही. भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडपानाचे तोंड असलेले हे वाद्य वादक श्वास न तोडता वाजवितो, आणि हातात हात गुंफलेले स्त्रीपुरुष त्याच्या भोवती, त्याला पाठ न दाखविता फिरत राहतात. समोरची जागाच नाही. ऐकणारा तोच नाचणारा. (‘हेवी मेटल’च्या कार्यक्रमांतही तरुण मंडळी मंचापुढे वर्तुळ करून धावतात, ते साम्य वरवरचे म्हणून सोडून देण्याजोगे नाही.) ह्या फेरातील एखाद्याने अंगावर यंत्र बाळगून मुद्रण केले, तर प्रत्येक फेऱ्यात तारप्याचा कर्णा तोंडासमोर येताना स्वर मोठा होईल, आणि तो ओलांडून पुढे गेल्यावर मंदावेल, त्याखाली पावलांचा ठेका मात्र सतत तेवढ्याच जोराने राहील. ध्वनितंत्रज्ञ ह्या चढउतारास दोष समजून सपाट करील. त्या चढउतारावरून फेऱ्याचा काळ सेकंदांत मोजता येतो, आणि चाल बदलल्यावर पावले किती वेळाने बदलली, हेही.