मुळाहून सरस गाणं आणि बहिणाबाईंचा ‘य’

एकाचं गाणं दुसऱ्यानं गावं आणि ते मुळाहून सरस ठरावं, याचं रॉक संगीतातलं नेहमीचं उदाहरण म्हणजे बॉब डिलनचं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’. डिलननं ते १९६७ मध्ये साधेपणानं गायलं. पुढच्याच वर्षी जिमी हेंड्रिक्सनं इलेक्ट्रिक गिटारवर त्याचं वादळ केलं. गंमत अशी, की पुढे डिलनही ते हेंड्रिक्सच्या वळणानं गाऊ लागला. मूळ धनीच मागे चालू लागला, म्हणजे निकाल लागला. शिवाय दोन्ही ध्वनिमुद्रणं आहेत. शेजारी ठेवून कुणीही ऐकावीत.

आमच्या जळगाव जिल्ह्यात असाच एक खटला आहे, पण त्यात मूळ साक्षीदारच हजर नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या. त्यांची गाणी सोपानदेवांनी जपली, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. शब्द उरले, गळा उरला नाही. मग १९६१ च्या ‘मानिनी’त वसंत पवारांच्या चालीत सुमन कल्याणपूर यांनी ‘अरे संसार संसार’ गायलं. ताना नाहीत, हरकतींचा हव्यास नाही. शब्द पुढे, सूर मागे. तिथे ‘चुल्हा’ चुल्हाच राहिला, याचं मला फार मोल वाटतं. आज आमच्याकडच्या बायकाही हे गाणं त्याच चालीत म्हणतात. डिलनचं झालं तेच इथे अख्ख्या मुलखाचं झालं. पुनर्गायन हेच मूळ होऊन बसलं.

म्हणून नंतरच्या प्रत्येक गायिकेला आपण ‘मानिनी’शी ताडून पाहतो. माझा आक्षेप इथे आहे. बहिणाबाईंच्या मूळ गाण्यातलं एक अंग अजून जिवंत आहे, ते म्हणजे बोली. (समीक्षक तिला सर्रास अहिराणी म्हणून मोकळे होतात. ती लेवा गणबोली आहे. वरणगाव, भुसावळ, यावलकडे आजही कानी पडते.) या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. शाळेत गेलं की पोरं पहिल्यांदा हा ‘य’ लपवायला शिकतात. मंचावरही तेच होतं. गळा तयार असतो, पेटी-तबला सुरात असतो आणि ‘डोया’च्या जागी स्वच्छ, प्रमाण ‘डोळा’ येतो.

ही अदलाबदल पकडणं अवघड आहे, कारण छंद तक्रार करत नाही. हे गाणं अष्टाक्षरी चालीचं आहे. जात्याच्या फेऱ्याला आठ अक्षरं नीट बसतात. ‘डोया’ची अक्षरं दोन, ‘डोळा’चीही दोन. ‘चुल्ह्यावर’ चार, ‘चुलीवर’ही चार. मात्रा मोजणाऱ्या संगीतकाराला काही खटकणार नाही. खटकतं ते फक्त कानाला, आणि तो कान इकडचा हवा. म्हणून ही गाणी कुठल्याही चालीत सहज शिरतात आणि तितक्याच सहज परकी होतात.

यशवंत देवांच्या चालींत उत्तरा केळकरांनी गायलेली बहिणाबाईंची गाणी घराघरांत गेली, आणखीही चाली येतील. त्या येऊ द्याव्यात. माझा हट्ट एवढाच, की नव्या गायिकेनं तालमीला बसण्याआधी असोद्याच्या एखाद्या म्हातारीकडून शब्द म्हणवून घ्यावेत. चाल हवी तर ‘मानिनी’चीच ठेवावी.