चित्राखालचा मजकूर

15 ऑगस्ट 1970च्या ‘नेचर’मधली ती सहा पाने आपण उघडावीत, आणि लेखाचा गाभा थोडा वेळ तसाच राहू देऊन पहिल्या चित्राखालच्या बारीक टायपावर नजर स्थिरावू द्यावी. जेलमध्ये दहा टक्के अ‍ॅक्रिलामाइड, सामू 8.8, त्याच्या माथ्यावर तीन टक्क्यांचा विरळ थर, सामू 6.8, नमुना दीड मिनिट उकळत्या पाण्यात, मग ब्रोमोफेनॉल ब्लूची निळी रेघ तळाशी पोहोचेपर्यंत, म्हणजे साधारण सात तास, वीजप्रवाह. एकही विशेषण नाही. ‘नेचर’ने 2014 साली सर्वाधिक उद्धृत शोधनिबंधांची यादी केली तेव्हा हा निबंध 2,13,005 उद्धरणांसह दुसऱ्या स्थानी होता, आणि त्या लक्षावधींतल्या बहुतेकांना हवा होता तो या चित्राखालचा मजकूर.

निबंधाचा विषय अगदी वेगळा. उलरिच लेम्ली हे स्विस संशोधक तेव्हा केंब्रिजच्या एमआरसी प्रयोगशाळेत होते. जिवाणूंवर जगणाऱ्या टी-फोर विषाणूचे डोके कसे घडत जाते, हे त्यांना पाहायचे होते. त्यांना दिसले की डोक्यातली चार प्रमुख प्रथिने आधी एकत्र जुळतात आणि जुळणीच्या ओघातच छाटली जातात. घडणे आणि तुटणे यांची अशी गाठ निसर्गात पडावी, हा शोध स्वतःच किती सुंदर! तो दिसावा म्हणून प्रथिने अधिक रेखीवपणे वेगळी करण्याची रीत हवी होती, आणि ती त्यांनी वाटेतच सिद्ध केली.

त्या रीतीतला तो विरळ थर मला सर्वांत मोहवतो. एसडीएस हा साबणासारखा पदार्थ प्रथिनांच्या घड्या उलगडतो, त्यांना आकाराच्या प्रमाणात ऋण भार देतो, आणि मग जेलच्या जाळीत लहान रेणू पुढे, मोठे मागे राहतात. पण सगळ्यांची सुरुवात एका रेषेवरून झाली नाही तर पट्टे धूसर उमटतात. 6.8 सामूच्या थरात क्लोराइड पुढे धावते, जवळजवळ भारहीन झालेले ग्लायसीन मागे रेंगाळते, आणि त्या दोहोंच्या मध्ये प्रथिने दाटून केसाएवढ्या पातळ थरात येतात, शर्यतीआधी धावपटू रेषेवर उभे राहावेत तशी. पुढे सामू 8.8 होताच ग्लायसीनला भार येतो, ते प्रथिनांना ओलांडून जाते, आणि खरी चाळणी सुरू होते. थरांची ही युक्ती ऑर्नस्टाइन आणि डेव्हिस यांची, 1964 मधली. एसडीएसचा उपयोग शापिरो, विन्युएला आणि मेझेल यांनी 1967 मध्ये दाखवलेला. लेम्लींनी त्यांचा संगम घडवला, आणि संगमाचे श्रेय मी कोणत्याही उगमापेक्षा कमी मानणार नाही.

‘लेम्ली बफर’ हे नाव आज कुठल्याही प्रयोगशाळेतल्या बाटलीवर लिहिलेले आढळते, आणि ती बाटली उचलणारे अनेक हात मूळ निबंध कधी उघडतही नाहीत. म्हणून उद्धरणांची ही प्रचंड संख्यासुद्धा मला अपुरीच वाटते.

पण उद्धरणांच्या उजेडात जे झाकोळते तेही आपण पाहू. लेम्लींची निबंधसूची सलग वाचली तर तिच्यातून एकच प्रश्न वाहताना दिसतो: एवढा लांब डीएनए एवढ्याशा जागेत मावतो कसा? 1973 मध्ये फाव्र यांच्यासह त्यांनी टी-फोरच्या डोक्यात डीएनए भरला जाण्याच्या पायऱ्या उलगडल्या. 1977 मध्ये, प्रिन्स्टनला असताना, पॉलसन यांच्यासह ‘सेल’मध्ये त्यांनी मानवी गुणसूत्राचे छायाचित्र छापले: हिस्टोन ही प्रथिने काढून घेतलेले, मधोमध प्रथिनांचा सांगाडा, आणि त्यातून चहूकडे उसळणारी डीएनएची असंख्य वेटोळी. सांगाड्याला अजून गुणसूत्राचाच आकार आहे, हे ध्यानात येताच डोळे तिथून हलत नाहीत. या चित्राचा आनंद त्या सगळ्या उद्धरणांच्या तोलाचा आहे, असे मी निःसंकोच म्हणेन.

आणि तो सांगाडा कशाचा? 1982 मध्ये लुइस आणि लेम्ली यांनी त्यातली दोन मुख्य प्रथिने जेलवरच ओळखली. त्यांतले पहिले, एससी-वन, पुढे टोपोआयसोमरेज-टू ठरले: डीएनएचा धागा तोडून, दुसरा धागा त्यातून पार करून, पुन्हा सांधणारे विकर.