जुना मोठा कॅमेरा, नवा छोटा कॅमेरा : एका तुलनेची तपासणी

व्यावसायिक छायाचित्रकारांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी वापरलेले मोठे डीएसएलआर कॅमेरे आता जुन्या बाजारात मूळ किमतीच्या लहानशा अंशाला मिळतात. दुसरीकडे, कोटाच्या खिशात मावतील असे छोटे कॅमेरे तांत्रिकदृष्ट्या फार पुढे गेले आहेत. या दोहोंची तुलना करणारे लेख आणि तक्ते आपल्या वाचनात नेहमी येतात. त्यांचा निकाल बहुधा दोनांपैकी एक असतो. एक म्हणजे ‘जुना कॅमेरा आता भंगारात काढावा’, आणि दुसरा म्हणजे ‘जुन्या मोठ्या पिक्सेलची सर नव्याला येणार नाही’. आमच्या मते हे दोन्ही निकाल ज्या रीतीने काढले जातात, ती रीतच सदोष आहे. शाळेच्या विज्ञान मंडळाजवळ कॅमेऱ्यासाठी जेमतेम पैसे असतात आणि ते एकदाच खर्च होतात. त्यामुळे हा वाद केवळ हौशी लोकांचा आहे असे म्हणून सोडून देता येत नाही.

चर्चा हवेत राहू नये म्हणून दोन नमुने घेऊ. जुना म्हणून निकॉन कंपनीचा डी३. तो २००७ साली जाहीर झाला. त्याचा सेन्सर ३६ × २३.९ मिलिमीटर, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा. पिक्सेल १ कोटी २१ लाख. बॅटरीखेरीज वजन १२४० ग्रॅम आणि अमेरिकेतील पहिली किंमत सुमारे ५००० डॉलर. नवा म्हणून सोनीच्या आरएक्स१०० मालिकेतील २०१९ साली आलेला सातवा कॅमेरा. सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटर, पिक्सेल सुमारे २ कोटी, बॅटरी धरून वजन ३०२ ग्रॅम, २०१९ सालची पहिली किंमत १२०० डॉलरच्या आसपास. याचे भिंग कायमचे जोडलेले आहे. त्याचे नाभीय अंतर ९ ते ७२ मिलिमीटर बदलते. डी३च्या भाषेत सांगायचे तर हे २४ ते २०० मिलिमीटर झाले, कारण मोठ्या सेन्सरचा कर्ण छोट्याच्या कर्णाच्या सुमारे २.७ पट आहे.

तक्त्यात पहिला रकाना मेगापिक्सेलचा असतो. २० विरुद्ध १२ हे आकडे पाहून नवा कॅमेरा पावणेदोन पट तपशील दाखवतो असे वाटते. परंतु पिक्सेलची संख्या हे क्षेत्रफळाचे माप आहे. चित्राच्या रुंदीत पाहिले तर ५४७२ विरुद्ध ४२५६ पिक्सेल, म्हणजे फरक २९ टक्क्यांचा. शिवाय पिक्सेल असले म्हणून त्यांत भरायला तपशील असतोच असे नाही. प्रकाशाच्या विवर्तनामुळे बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता एक छोटी चकती होते. हिरव्या प्रकाशासाठी तिचा व्यास मायक्रॉनमध्ये काढायचा तर एफ-अंकाला १.३४ ने गुणावे. एफ ८ ला ही चकती सुमारे १०.७ मायक्रॉनची होते. डी३चा एक पिक्सेल ८.४५ मायक्रॉनचा आहे, त्यामुळे चकती सव्वा पिक्सेलात बसते. छोट्या कॅमेऱ्याचा पिक्सेल २.४ मायक्रॉनचा, तेव्हा तीच चकती साडेचार पिक्सेल रुंद पसरते. छिद्र इतके बारीक केल्यावर २ कोटी पिक्सेलचा आकडा नावापुरता उरतो. हे गणित अकरावीच्या विद्यार्थ्यालाही करता येते, पण जाहिरातीत ते कधीच नसते.

आता जुन्याच्या चाहत्यांकडे वळू. ‘मोठा पिक्सेल म्हणून कमी दाणेदार चित्र’ हे त्यांचे आवडते वाक्य. यात अर्धे सत्य आहे. अंधारातल्या फोटोत जी वाळू सांडल्यासारखी दिसते, तिला छायाचित्रकार नॉईज म्हणतात. तिचे एक मोठे कारण सेन्सरमध्ये नसून प्रकाशातच आहे. प्रकाश फोटॉनांच्या रूपाने येतो आणि हे फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. एखाद्या चौकटीत सरासरी १०० फोटॉन पडत असतील तर प्रत्येक वेळी मोजलेली संख्या साधारण १०० च्या वर्गमुळाने, म्हणजे १० ने, इकडेतिकडे होते. ही १० टक्के अनिश्चितता झाली. ७०० फोटॉन मिळाले तर अनिश्चितता २६ ची, म्हणजे ४ टक्क्यांहून कमी. तेव्हा प्रश्न एकूण प्रकाश किती गोळा झाला हा आहे. तो किती पिक्सेलांत वाटला हा प्रश्न दुय्यम आहे. वीस मेगापिक्सेलचे चित्र बारापर्यंत लहान करून मग शेजारी ठेवले, तर पिक्सेलच्या आकाराचा बराचसा मुद्दा गळून पडतो. सेन्सरच्या क्षेत्रफळाचा मुद्दा मात्र गळत नाही.

दोन्ही कॅमेरे एफ २.८ ला, सारख्याच वेळासाठी, सारखेच दृश्य घेत आहेत असे समजा. सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सारखा प्रकाश पडेल. परंतु डी३चे क्षेत्रफळ ८६० चौरस मिलिमीटर आणि छोट्याचे ११६. प्रकाश ७ पटींहून जास्त. हीच गोष्ट भिंगाच्या बाजूनेही पाहता येते. २४ मिमीच्या भिंगाचे एफ २.८ ला छिद्र ८.६ मिलिमीटरचे असते, तर छोट्याच्या ९ मिमीच्या भिंगाचे ३.२ मिलिमीटरचे. गंमत अशी की अंधाराला सरावलेल्या मुलाच्या डोळ्याची बाहुली ६-७ मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणजे रुंद दृश्य घेताना हा नवा कॅमेरा आपल्या डोळ्याहूनही लहान खिडकीतून पाहत असतो.

नव्या सेन्सरने ही तूट भरून काढली नाही काय? थोडी काढली आहे. जुन्या रचनेत प्रकाशाला आधी तारांच्या जाळ्यातून वाट काढावी लागे. आता सेन्सर उलटा बसवून प्रकाश मागच्या बाजूने आत घेतात, त्यामुळे वाया जाणारे फोटॉन कमी झाले. मोजणी करणाऱ्या मंडलाचा स्वतःचा गोंधळही घटला आहे, आणि गडद सावल्यांत त्याचा फायदा स्पष्ट दिसतो. पण या सुधारणेला एक छत आहे. त्या काळचा चांगला सेन्सरही हिरव्या प्रकाशापैकी साधारण एक तृतीयांश ते निम्मा भाग टिपत असे. उरलेला सगळा टिपला तरी लाभ दुप्पट ते तिप्पट. सात पटींची तूट त्यातून निघत नाही. आयएसओचा आकडा वाढवणे हा तर उपायच नव्हे. त्याने मिळालेला संकेत मोठा करून दाखवला जातो, हुकलेले फोटॉन परत येत नाहीत.

एवढ्यावरून निकाल जुन्याच्या बाजूने द्यावा, तर चंद्र आडवा येतो. चंद्र दिसायला सुमारे अर्ध्या अंशाचा. डी३ला २०० मिमीचे भिंग लावले तर सेन्सरवर त्याची प्रतिमा १.८ मिलिमीटरची, म्हणजे सुमारे २१५ पिक्सेल रुंद मिळते. छोट्या कॅमेऱ्यात ७२ मिमीला प्रतिमा ०.६५ मिलिमीटरचीच, पण पिक्सेल बारीक असल्याने ती २७० पिक्सेलांवर पसरते. चंद्र उजळ असल्याने प्रकाशाची टंचाई नाही. येथे छोटा कॅमेरा पुढे गेला! आणखी खोलात गेलो तर हिशोब अधिक मनोरंजक होतो. मोठ्या कॅमेऱ्याच्या एफ २.८ भिंगाचे छिद्र ७१ मिलिमीटरचे, त्यामुळे ते सुमारे २ विकलांवरचे (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) बिंदू वेगळे दाखवू शकते. पण सेन्सरचा एक पिक्सेलच पावणेनऊ विकलांचा आहे. भिंगाने आणून दिलेला तपशील सेन्सर सांडून टाकतो. छोट्याचे छिद्र एफ ४.५ ला १६ मिलिमीटर, त्याची भिंगाची मर्यादा साडेआठ विकलांच्या आसपास आणि पिक्सेल ७ विकलांचा. येथे सेन्सर पुरेसा आहे, भिंगच तोकडे पडते. दीड किलोच्या आसपास वजनाचे भिंग आणि सव्वा किलोचा कॅमेरा घेऊन जो चंद्र मिळतो, जवळपास तसाच ३०२ ग्रॅममध्ये मिळतो, आणि दोन्हीकडे अडणारी जागा वेगळी आहे. ‘कोणता चांगला’ असे विचारण्याऐवजी ‘कोठे अडते’ असे विचारले की तुलनेला अर्थ येतो.

आता उलट टोकाचे उदाहरण. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांनी झाडे लखलखतात आणि शाळांच्या सहली तेथे जातात. काजव्याचा उजेड क्षीण आणि क्षणिक. ५० मिमी एफ १.८ सारखे साधे, स्वस्त भिंग डी३ला लावले तर छिद्र २८ मिलिमीटरचे मिळते. छोट्या कॅमेऱ्यात ते कोणत्याही स्थितीत १६ मिलिमीटरच्या वर जात नाही, आणि रुंद दृश्यात तर ३.२ च. येथे जुन्याला तोड नाही. आजचे मोबाइल फोन अंधारातही चांगले चित्र देतात हा आक्षेप कोणी घेईल. ते खरे आहे. फोन एकामागून एक अनेक चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढतो, म्हणजे कमी पडलेले क्षेत्रफळ तो वेळ खर्चून भरून काढतो. स्थिर देवळासाठी हा सौदा उत्तम. पण अर्ध्या सेकंदात विझणाऱ्या आणि उडत जाणाऱ्या दिव्याची सरासरी काढली तर तो पुसट होतो.

जीवशास्त्राच्या शिक्षकांनी मात्र छोट्या कॅमेऱ्याकडे आपुलकीने पाहावे. फुलावर बसलेल्या किड्याचे डोके आणि पंख दोन्ही स्पष्ट हवे असतात. छोट्या कॅमेऱ्यात एफ ४ ला जेवढ्या खोलीपर्यंतचे स्पष्ट दिसते, तेवढ्यासाठी डी३ला एफ ११ पर्यंत छिद्र आवळावे लागते. यात फुकट काही मिळालेले नाही, कारण दोन्हीकडे छिद्राचा प्रत्यक्ष व्यास सारखाच होतो आणि गोळा होणारा प्रकाशही. पण मोठ्या छिद्राचा मोठ्या कॅमेऱ्याला असलेला लाभ या कामात निरुपयोगी ठरतो, आणि दिवसाउजेडी हलका कॅमेरा हाताशी असणे मोलाचे. रुंद स्थितीत तो ८ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊ देतो. फक्त तेव्हा कॅमेऱ्याची सावली किड्यावर पडू देऊ नये.

भौतिकशास्त्रात तर तुलनाच होऊ शकत नाही. डी३ चलच्चित्र घेतच नाही, तो सेकंदाला ९ छायाचित्रे घेतो. एक मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू ०.४५ सेकंदात जमिनीवर येतो, तेव्हा हाती चार चित्रे लागतात. छोटा कॅमेरा काही सेकंदांपुरते २५० च्या वेगाने चित्रण करतो, म्हणजे शंभराहून अधिक चित्रे, आणि त्यांवरून गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग वर्गात होऊ शकतो. १००० चा वेगही आहे, पण तेथे तपशील फारच उतरतो. एक सावधगिरी बाळगावी. या कॅमेऱ्याचे भिंग रुंद बाजूला सरळ रेषा पिंपासारख्या फुगवते आणि कॅमेरा ती चूक आकडेमोडीने दुरुस्त करून मगच चित्र दाखवतो. भिंग लहान ठेवण्यासाठी केलेली ही तडजोड आम्हाला गैर वाटत नाही. मात्र मोजमाप करायचे तर आधी आलेखाच्या कागदाचे चित्र घेऊन चौकोन कडेलाही सारखेच येतात का ते पाहावे. डी३ही अगदी सोवळा नाही. जेपेग चित्रातील रंगांच्या कडा तोही स्वतःच पुसून घेतो.

बॅटरीबाबत लिहिताना तक्ते सहसा एका ओळीत विषय उरकतात. उत्पादकांच्या प्रमाणित चाचणीत डी३च्या एका भरणीत ४३०० चित्रे, छोट्याच्या २६० च्या आसपास. पडदा सतत चालू ठेवणाऱ्या आणि आरशातून पाहणाऱ्या कॅमेऱ्यांची ही बरोबरी पूर्ण न्याय्य नाही, तरीही जेथे विजेचा भरवसा नाही अशा गावी हा फरक मोठा आहे. उलट डी३ची कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डे आणि ती वाचणारे यंत्र शोधावे लागते, आणि सेन्सरवरची धूळ झटकण्याची सोय त्यात नाही. भिंग बदलणारा कॅमेरा मुलांच्या हाती द्यायचा तर हेही मोजले पाहिजे.

आमचे मत विचाराल तर, सहली, किडे, फुले आणि गतीचे प्रयोग यांसाठी एकच कॅमेरा घ्यायचा असेल तर छोटा घ्यावा. आकाशदर्शन मंडळ चालवणाऱ्या शाळेने जुना डीएसएलआर आणि ५० मिमीचे साधे भिंग घ्यावे. त्यात पैसेही बहुधा कमी लागतील.

दोन्ही हाती असतील तर वर्गात एक तपासणी जरूर करावी. पांढरा कागद सारख्या उजेडात भिंतीला लावा. ट्यूबलाइट टाळावी, कारण आपल्याकडे तिचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. दोन्ही कॅमेरे एफ ४ वर ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून, सारख्याच वेळाची दोन-दोन चित्रे रॉ स्वरूपात घ्या. त्यांचे कोणतीही सुधारणा न करता टिफमध्ये रूपांतर करा आणि इमेजजे या मोफत संगणक-कार्यक्रमात मधला चौकोन निवडा. त्याची सरासरी लिहा. मग एक चित्र दुसऱ्यातून वजा करून उरलेल्याचे प्रमाण विचलन काढा, त्याचा वर्ग करा आणि निम्मा करा. उघडीपीचा वेळ दुप्पट, चौपट करून हेच पुन्हा करा आणि सरासरीविरुद्ध या वर्गाचा आलेख काढा. फोटॉनांचाच गोंधळ असेल तर सरळ रेषा येते. रेषा उजेडाच्या टोकाला एकदम खाली वळली, तर तो पिक्सेल काठोकाठ भरला असे समजावे आणि ती नोंद गाळावी.