टाळी आणि ‘ताली’

रवी जाधव यांची ‘ताली’ ही हिंदी मालिका १५ ऑगस्ट २०२३ रोजी आली, तेव्हा तिचे कौतुक पुष्कळ झाले. गौरी सावंत यांचे चरित्र तीत सहा भागांत सांगितले आहे. पुण्यातील पोलीस अधिकाऱ्याच्या घरी जन्मलेल्या गणेशची गौरी कशी झाली, आणि तृतीयपंथीयांना कायद्याने ओळख देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालापर्यंत ती कशी पोचली, अशी ही कथा.

मला ती आवडली ती आरंभीची. वर्गात गणेशला विचारतात, मोठेपणी कोण होणार? तो म्हणतो, आई. माझा जन्म खडू-फळ्यात गेला. असल्या उत्तराला वर्ग कसा हसतो, हे मला ठाऊक आहे. कृतिका देव यांनी हा पोरगा असा उभा केला आहे, की नंदू माधव यांनी रंगविलेल्या बापाचा संतापही खरा वाटतो. त्या दोघांच्या मध्ये घर आहे, शेजारपाजार आहे, भीती आहे.

पुढे सुष्मिता सेन येतात आणि घर संपते, उरतात भाषणे. बाई मनापासून काम करतात, यात शंका नाही. पण त्यांच्या वाक्यावाक्याला प्रेक्षकाने टाळी द्यावी, अशी सोय करून ठेवलेली दिसते. आमच्या थेरगावच्या डांगे चौकात सिग्नलला जी टाळी ऐकून लोक मोटारीची काच वर करतात, ती टाळी निराळी. याच जाधवांच्या ‘नटरंग’मध्ये (२०१०) अतुल कुलकर्णी यांचा पैलवानी देह नाच्या होताना डोळ्यांदेखत बदलतो, त्या बदलाची किंमत आपल्याला दिसते. येथे ती रूपाखाली झाकून जाते. गौरीताईंनी स्वतः २०१७ साली व्हिक्सच्या जाहिरातीत काम केले होते आणि पाहणाऱ्यांचे डोळे भरून आले होते. मग नायिका उसनी का आणावी?

गंमत पाहा, १९९४ साली ज्या विश्वसुंदरी स्पर्धेने सुष्मिताबाईंना कीर्ती दिली, तीच २०२२ साली थायलंडच्या अ‍ॅन जक्राजुताथिप या पारलिंगी उद्योजिकेच्या कंपनीने विकत घेतली. त्या देशात अशा स्त्रिया पडद्यावर स्वतः झळकतात. तरी कागदोपत्री लिंगाची नोंद बदलू देणारे विधेयक तेथील लोकप्रतिनिधींनी २०२४ साली फेटाळलेच.

२०२२ सालीच पिंपरी-चिंचवड महापालिकेने तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतले. गणवेशातल्या त्या माणसाला भाषण करावे लागत नाही. आल्यागेल्याकडे लक्ष ठेवावे लागते, पाळी संपली की घरी जावे लागते. मालिकेत असा एखादा साधा दिवस असता, तर शेवटची सगळी भाषणे मी आनंदाने सोडून दिली असती.