मुद्देमालाचें प्रामाण्य

फौजदारी खटल्यांत पुरावा म्हणून जप्त झालेलीं शस्त्रें व वस्तू कालांतरानें संग्रहालयांत येतात आणि इतिहासाचीं साधनें म्हणून मांडलीं जातात. अशा साधनांविषयीं लिहितांना आपल्याकडील लेखक बहुधा एक पायरी गाळतात. पिस्तूल किंवा काठी डोळ्यांनीं दिसली कीं घटना सिद्ध झाली, असें ते गृहीत धरतात. आमचें मत याहून भिन्न आहे. वस्तु स्वतः कांहींच बोलत नाहीं; तिच्याबरोबर चालत आलेला कागद बोलतो. तो कागद तुटला म्हणजे मुद्देमालांतील मुद्दा जातो आणि नुसता माल उरतो.

हा विचार आपल्या परंपरेस नवा नाहीं. स्मृतिकारांनीं चोरापाशीं सांपडलेल्या मालास 'लोप्त्र' असें नांव दिलें आणि आरोप सिद्ध करण्याच्या कामीं त्यास महत्त्वही दिलें. परंतु त्या पुराव्याची मर्यादा नाटककारांनीं अधिक मार्मिकपणें दाखविली आहे. शाकुंतलाच्या सहाव्या अंकाच्या प्रवेशकांत रक्षकांनीं पकडलेल्या धीवराजवळ राजाच्या नांवाची अंगठी सांपडते. अंगठी कोणाची हें त्या अक्षरांनीं निर्विवाद सांगितलें. धीवराच्या हातीं ती कशी आली हें मात्र सांगितलें नाहीं. रक्षकांनीं तेवढ्यावरून चोरीचें अनुमान केलें आणि तें खोटें ठरलें. मृच्छकटिकाच्या नवव्या अंकांत याहून भयंकर प्रसंग आहे. भर न्यायसभेंत मैत्रेयाच्या जवळून वसंतसेनेचे अलंकार खालीं पडतात. वसंतसेनेची माता ते सारखे दिसतात एवढेंच मान्य करते, तेच आहेत असें म्हणत नाहीं. तरीही ते चारुदत्तास वधस्तंभाकडे नेण्यास पुरतात. अलंकार खरे होते, वसंतसेनेचेच होते. आणि वसंतसेना जिवंत होती! वस्तु अस्सल असूनही निष्कर्ष खोटा असूं शकतो, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां इतिहासाकडे वळूं. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिक येथें विजयानंद नाटकगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांस गोळ्या घातल्या. वापरलेलें पिस्तूल ब्राउनिंग बनावटीचें होतें. तें लंडनहून पाठविलेल्या २० पिस्तुलांपैकीं होतें, हें पोलादाकडे पाहून कोणासही कळलें नसतें. तीं पिस्तुलें सामानांतून आणणारा चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला, आणि त्याच्या जबानीमुळें नाशिकपासून लंडनपर्यंतची सांखळी न्यायालयापुढें जोडली गेली. अर्थात् माफीच्या साक्षीदाराची जबानी कितपत मानावी, हा प्रश्न इतिहासकारासही सुटलेला नाहीं.

दुसरें उदाहरण अलीकडचें आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजीं लाहोर येथें झालेल्या साँडर्सवधाच्या खटल्यांतील भगतसिंगांचें कोल्ट पिस्तूल फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षणशाळेंतून इंदूर येथील सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रसंग्रहांत आलें. तेथें तें काळ्या रंगाच्या लेपाखालीं इतर शस्त्रांत अनामिक होऊन राहिलें. २०१६ सालीं तो लेप खरवडला तेव्हां १६८८९६ हा क्रमांक दिसला, आणि तो खटल्यांतील नोंदीशीं जुळला. शाकुंतलांतील अंगठीवर जें काम नामाक्षरांनीं केलें, तेंच येथें सहा अंकांनीं केलें. नोंद उपलब्ध नसती तर त्या अंकांसही कांहीं अर्थ उरला नसता.

या कसोटीवर आमच्या सोलापुरानें आपल्या १९३० सालच्या स्मृती तपासून पाहिल्या पाहिजेत. ८ मे १९३० रोजीं येथें गोळीबार झाला, मंगळवार पेठेंतील पोलीस चौकी जाळली गेली व दोन पोलीस मारले गेले. १२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारण्यांत आला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवडा येथें फांशीं देण्यांत आलें. त्या खटल्यांतील म्हणून उद्यां कोणी एखादी काठी पुढें आणली, तर तिचा आदर करण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे लागतील. ती कोणीं जप्त केली? पंचनामा कोठें आहे? न्यायालयांत तिला कोणता निशाणी क्रमांक मिळाला? आणि कोणत्या हुकुमानें ती न्यायालयाबाहेर गेली?

चौथा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. निकालानंतर मुद्देमाल नष्ट करावा, सरकारजमा करावा कीं हक्कदारास द्यावा, हें ठरविण्याचा अधिकार १८९८ च्या फौजदारी संहितेच्या ५१७ व्या कलमानें न्यायालयास दिला होता. १९७३ च्या संहितेच्या ४५२ व्या आणि २०२३ च्या नव्या संहितेच्या ४९८ व्या कलमांत तोच अधिकार आहे. म्हणून मुद्देमाल मागें राहणें हा अपवाद समजावा, आणि अपवादास कारण दाखवावें लागतें.

कोणी म्हणेल, श्रद्धेनें जपलेल्या वस्तूची एवढी उलटतपासणी कशास? उत्तर असें कीं, येथें चौघांच्या नांवाचा प्रश्न आहे. ज्यांस सोलापूर हुतात्मे मानतें, त्यांच्या नांवाखालीं 'याच शस्त्रानें पोलीस मारले' अशी पाटी लावणें म्हणजे सरकारपक्षाचें म्हणणें निमूटपणें मान्य करणें होय. निराधार वस्तु त्यांच्या नांवें मांडणारा भक्तिभावानें त्यांच्याविरुद्ध एक नवा साक्षीदार उभा करतो, आणि त्या साक्षीदाराची उलटतपासणी घेण्यास आतां त्यांचा वकील हजर नाहीं.

तथापि कागद नसलेली वस्तु फेंकून द्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. ती ठेवावी, पण पाटीवर 'अमुक घरीं या समजुतीनें जतन केलेली' एवढेंच लिहावें. जिचा कागद आहे तिचा क्रमांक, जप्तीचा दिनांक व हुकूम पाटीवर नोंदवावा. आणि शस्त्रें गोळा करण्याच्या आधीं खटल्याच्या कागदांच्या नकला गोळा कराव्या. चारुदत्तास अखेर वांचविलें तें अलंकारांनीं नव्हे, वसंतसेना स्वतः वधस्थानीं आली म्हणून. आमच्या चौघांच्या बाजूनें येऊं शकेल असा साक्षीदार आतां कागद हा एकच उरला आहे.